वाचक विचारतात: संरक्षित वास्तूच्या शेजारचं घर आणि त्याची दुरुस्ती

पावसाळा संपला की जुन्या बडोद्यातून येणाऱ्या पत्रांमध्ये घरांचे प्रश्न वाढतात. कुणाची तुळई खचलेली असते, कुणाच्या भिंतीला लोणा लागलेला असतो. दुरुस्तीला हात घालावा तर शेजारी संरक्षित वास्तू, त्यामुळे कायद्याची धास्ती. या वेळी त्यातलेच काही प्रश्न घेतले आहेत.

सगळ्या उत्तरांना लागू पडणारी एक गोष्ट आधी सांगतो. केंद्र सरकारनं संरक्षित केलेल्या वास्तूंना 1958 चा प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांचा कायदा लागतो. 2010 मध्ये तो बराच कडक झाला. वास्तूच्या संरक्षित हद्दीपासून सर्व दिशांना 100 मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे 200 मीटर हे विनियमित क्षेत्र. बडोद्यात रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आणि प्रतापनगरचा हजिरा (जुना मकबरा) या दोन वास्तूंभोवती हा नियम थेट लोकांच्या घरांपर्यंत पोचतो. प्रत्येक जुना दरवाजा किंवा वाडा केंद्र-संरक्षित असतोच असं नाही. काही वास्तू राज्याच्या यादीत असतात आणि त्यांना 1965 चा गुजरातचा वेगळा कायदा आहे. तेव्हा आपल्या शेजारची वास्तू कुणाच्या यादीत आहे, हे पहिल्यांदा लेखी विचारून घ्यावं.

प्रश्न: आमचा तीन मजली लाकडी वाडा तांबेकर वाड्यापासून साधारण 60 मीटरवर आहे. चौघा भावांच्या वाटण्या व्हायच्या आहेत. बिल्डर म्हणतो, "वाडा उतरवू आणि आहे त्याच मापात, तेवढ्याच उंचीची नवी इमारत बांधू. माप बदललं नाही तर कायदा आड येत नाही." हे खरं आहे का? (रावपुरा)

उत्तर: नाही. या बोलण्यावर विसंबून वाडा उतरवलात तर राहतं घर जाईल आणि हाती मोकळी जागा राहील.

कायद्यात बांधकाम, पुनर्बांधकाम आणि दुरुस्ती-नूतनीकरण अशा तीन गोष्टींच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. नवी इमारत उभारणं, किंवा असलेल्या इमारतीला उभा अथवा आडवा वाढावा देणं, हे बांधकाम. आधीची इमारत होती त्याच आडव्या-उभ्या मर्यादेत पुन्हा उभी करणं, हे पुनर्बांधकाम. उभ्या असलेल्या इमारतीत फेरफार करणं, तेही पहिल्या दोन प्रकारांत न मोडणारे, म्हणजे दुरुस्ती-नूतनीकरण. प्रतिबंधित क्षेत्रातल्या खाजगी मालकाला अर्ज करता येतो तो फक्त या तिसऱ्या प्रकारासाठी. तुमचा बिल्डर सांगतोय तो दुसरा प्रकार, आणि त्याची वाट 100 मीटरनंतर, विनियमित क्षेत्रात उघडते. 60 मीटरवर ती नाही.

दुरुस्तीच्या अर्जालाही एक अट आहे. इमारत 16 जून 1992 च्या आधीची असली पाहिजे, किंवा त्यानंतरची असल्यास पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांच्या मंजुरीनं बांधलेली. वाडा जुना आहे हे सगळ्या पोळीला, म्हणजे गल्लीला, ठाऊक असतं, पण फाइलला पुरावा लागतो. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, 1992 पूर्वीच्या घरवेऱ्याच्या (घरपट्टीच्या) पावत्या, जुनी विजेची बिलं, खरेदीखत किंवा वाटणीपत्र, मंजूर नकाशा असल्यास तो, यांतलं जे मिळेल ते गोळा करा. चौघा भावांची नावं कार्डावर चढलेली नसतील तर वारसनोंद आधी उरका. मालकीचा कागद अपुरा पडला की अर्ज परत येतो, आणि त्यात एक अख्खा हंगाम जातो.

मग चौघांचं काय करायचं? वाडा उभा ठेवून त्याचे चार स्वतंत्र भाग करता येतात का, ते आधी पाहा. जिन्याची जागा, स्वतंत्र दारं, प्रत्येक भागाला पाणी आणि न्हाणीघर, हे आतले बदल दुरुस्ती-नूतनीकरणात मांडता येतात. नकाशे दोन रंगांत काढून घ्या: आहे तसं आणि करायचं तसं. प्रत्येक तुळईला, खांबाला क्रमांक द्या आणि शेजारी लिहा: राहणार, सांधणार की बदलणार. राहणाऱ्यांची संख्या जितकी जास्त तितकी फाइल समजायला सोपी जाते. "सर्व लाकूडकाम बदलणे" असं एका ओळीत लिहिलं तर तपासणाऱ्याला ते पुनर्बांधकामच वाटणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

विनापरवानगी काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ती मालकाला लागते. बिल्डर तोवर दुसऱ्या साइटवर असतो.

प्रश्न: आमचं घर हजिऱ्यापासून 240 मीटरवर आहे असं गूगलच्या नकाशावर दिसतं. वर एक मजला चढवायचा आहे. अर्ज कुठे करायचा, किती दिवस लागतात? (प्रतापनगर)

उत्तर: अंतर वास्तूच्या भिंतीपासून मोजत नाहीत. ते तिच्या संरक्षित हद्दीपासून मोजतात. हजिऱ्याभोवती आवार आहे, म्हणून घुमटावर बोट ठेवून मोजलेले 240 मीटर प्रत्यक्षात बरेच कमी भरतील. पुरातत्त्व खात्याच्या मंडळ कार्यालयातून हद्दीचा नकाशा पाहून घ्या आणि अंतर मोजणीदाराकडून काढून घ्या. तुमच्या बाबतीत 100 च्या आत जाण्याची भीती दिसत नाही, पण अर्जात चुकीचा आकडा गेला तर पुढचं सगळंच संशयात येतं.

विनियमित क्षेत्रात नवा मजला मागता येतो. अर्ज ऑनलाइन होतो आणि राज्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. त्यांनी तो 15 दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत आपलं मत कळवायचं आणि मग महिन्याभरात सक्षम प्राधिकाऱ्यांनी हो किंवा नाही सांगायचं, असा कायद्यातला क्रम आहे. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी साडेतीन महिने. मार्चमध्ये काम सुरू करायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीतच कागद जुळवायला घ्या.

उंचीची गफलत फार होते. अर्जात एकूण उंची लिहायची, तीत कठडा, जिन्याची टोपी आणि पाण्याची टाकी हे सगळं धरतात. आर्किटेक्टनं स्लॅबपर्यंतची उंची लिहिली आणि टाकी मागाहून बसवली, तर मंजुरीपेक्षा दोन-तीन मीटर जास्त होतात आणि तेवढंच बेकायदेशीर ठरतं. टाकी कुठे बसणार हे आधी ठरवा आणि उंची नंतर लिहा. त्या वास्तूपुरत्या खास उपविधी प्रसिद्ध झाल्या असतील तर उंचीची आणि दर्शनी बाजूची मर्यादा त्यांतच मिळते. त्या मागवून घ्या आणि वाचा.

हा ना-हरकत दाखला मिळाला म्हणजे महानगरपालिकेची परवानगी मिळाली असं नव्हे. ती निराळी घ्यावी लागते.

प्रश्न: पालिकेनं घर जर्जरित असल्याची नोटीस दाराला चिकटवली आहे. "दुरुस्त करा अथवा उतरवा" असं तीत आहे. घर प्रतिबंधित क्षेत्रात आहे. नोटीस हीच परवानगी समजायची का? (दांडिया बाजार)

उत्तर: समजू नका. ही नोटीस महानगरपालिका कायद्याच्या कलम 264 खाली, लोकांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून निघते. ती स्मारकांच्या कायद्यातली परवानगी देत नाही. तिच्यात दोन पर्याय आहेत, त्यांतला पहिला धरा.

त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा आणि कुठला भाग धोक्याचा आहे याचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. बहुतेक वेळा सगळं घर जर्जर नसतं. रस्त्याकडचा सज्जा, एखादा कोपरा किंवा छप्पर, एवढंच असतं. तो भाग टेकू देऊन बांधून घ्या, खाली दोरी आणि पाटी लावा, त्याचे फोटो काढा. मग पालिकेला लेखी कळवा: धोक्याचा भाग आधार देऊन सुरक्षित केला आहे, दुरुस्तीचा अर्ज अमुक तारखेला केला आहे, पोच जोडली आहे. पुरातत्त्व कार्यालयाला नोटिशीची प्रत द्या. दोन्ही कार्यालयांना एकमेकांचे कागद माहीत असले की निम्मा ताण कमी होतो. घरात भाडेकरू असतील तर त्यांनाही पत्र द्या. घर उतरवायचा आग्रह कधी कधी त्यांना काढण्यासाठी होतो आणि प्रकरण कोर्टात जातं.

प्रश्न: माजघरावरच्या तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे टोचा सहज वीतभर आत गेला. मिस्त्री म्हणतात, खालून लोखंडी चॅनल घालू आणि टोकाभोवती सिमेंट भरून टाकू. चालेल का? (बाबाजीपुरा)

उत्तर: सिमेंट भरू नका. टोक कुजलं ते ओलीमुळे, आणि सिमेंटनं त्या ओलीला कोंडून ठेवलं की कूज तुळईच्या आत सरकते. चार-पाच वर्षांनी तीच तुळई भिंतीपासून दोन फुटांवर मऊ लागते आणि तेव्हा ती वाचवणं अवघड होतं.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. तुळईच्या टोकाच्या नेमकं वर, बाहेरच्या अंगाला, काय आहे ते बघा. फुटलेली पन्हळ, कौलांची सरकलेली ओळ, भिंतीत गाडलेला न्हाणीचा पाइप किंवा सज्जावरची कुंडी, यांपैकी एक सापडतंच. ते बंद झाल्याशिवाय सुताराला बोलावू नका.

मग कूज कुठवर आहे ते बघा. 6 मिलिमीटरच्या ड्रिलनं तुळईच्या बाजूनं, भिंतीपासून चार-चार इंचांवर भोकं पाडत या. बिटाबरोबर कोरडा, उजळ, वळलेला भुसा आला तर लाकूड चांगलं. तपकिरी पीठ आलं किंवा बिट एकदम आत गेलं तर कुजलेलं. जिथे सलग दोन भोकांतून चांगला भुसा येईल तिथे खूण करा. जुनं सागवान आतून टणक असतं, त्यामुळे कूज बऱ्याचदा दीड-दोन फुटांत थांबलेली आढळते. तेवढ्यासाठी अख्खी तुळई बदलायचं कारण नाही.

कापण्याआधी आधार. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर, तुळईच्या खाली आणि तिच्यावर टेकलेल्या कड्यांच्या (मजल्याच्या आडव्या लाकडांच्या) दोन्ही बाजूंना, स्क्रू-जॅकचे टेकू लावा. टेकूखाली दोन इंच जाडीची फळी टाका, नाहीतर तो फरशी फोडतो. खालच्या मजल्यावरही बरोबर त्याच रेषेत टेकू हवेत, कारण भार जमिनीपर्यंत पोचला पाहिजे. ही पायरी गाळली की वरच्या मजल्याचं वजन मधल्या मजल्याच्या फळ्यांवर येतं. अपघात होतात ते इथे. जॅक फिरवून तुळई सरळ करायच्या फंदात पडू नका. भार उचलला जाईल इतपत, एक-दोन मिलिमीटर, पुरे. शंभर वर्षं बसलेला बाक एका दुपारी काढायला गेलात तर वरच्या भिंतीला तडे जातात.

कुजलेला भाग तिरपा कापायचा आणि त्याच तिरप्या मापाचं नवं टोक बसवायचं. तिरक्या सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या किमान चौपट ठेवा. तुळई दहा इंच उंच असेल तर सांधा चाळीस इंचांचा. लाकूड जुनंच सागवान घ्या, उतरवलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्यांकडे ते मिळतं. ओलं, ताजं लाकूड सहा महिन्यांत आकसतं आणि सांधा उघडतो. सांध्यातून 12 मिलिमीटरचे गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचे निदान चार बोल्ट, दोन्हीकडे रुंद वायसर. महिन्याभरानं नट पुन्हा आवळा. नेमकं माप आणि बोल्टांची जागा इंजिनिअरकडून काढून घ्या. तुळईवर भिंत उभी असेल तर त्याच्याशिवाय पुढे जाऊच नका.

नवं टोक भिंतीत ठेवताना खाली दगडी किंवा टणक लाकडाचा पाट, त्यावर निदान सहा इंच टेकण. बाजूंना आणि टोकासमोर बोटभर हवा खेळायला जागा मोकळी. टोकावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण तीन हात लावा: दहा लिटर गरम पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक ॲसिड. हे आतल्या, कोरड्या लाकडालाच. पावसात ते धुऊन जातं.

लोखंडी चॅनलचा उपयोग आहे, पण तुळईच्या दोन्ही अंगांना लावून बोल्टनं जखडलेल्या जोडीचा. खालून नुसता सरकवलेला चॅनल भिंतीत टेकतो त्या जागी विटा चुरतो.

बाक मात्र प्रत्येक वेळी धोक्याचा नसतो. तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणून मधलं अंतर मोजा, भिंतीवर तारीख टाका, दर महिन्याला पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला तर घाई नको. वाढत असेल तर त्याच दिवशी टेकू.

प्रश्न: 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यात तीन फूट चढलं होतं. नंतर आम्ही सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफ रंग दिला. आता तो रंग फुगून पडतोय आणि ओल छातीपर्यंत आली आहे. पुन्हा चांगल्या कंपनीचं केमिकल मारू का? (एक वाचक)

उत्तर: केमिकल मारू नका, सिमेंट काढा. तुमची भिंत जुन्या, मऊ विटांची आणि चुन्याच्या दर्जांची (विटांमधल्या सांध्यांची) असणार. तिच्यातलं पाणी पृष्ठभागावरून उडून जाण्याची सोय चुन्याच्या गिलाव्यात होती. सिमेंटनं आणि त्यावरच्या रंगानं ती वाट बंद झाली, म्हणून पाणी वर चढलं. जिथे वाट सापडली तिथे ते बाहेर पडलं आणि सोबत क्षार घेऊन आलं. ते क्षार रंगाच्या मागे स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचं तोंडच सोलून काढतात.

ओलीची रेषा दिसते तिच्यावर दोन फूट, इतका गिलावा हातोडी-छिन्नीनं काढा. ब्रेकर मशिन लावू नका, विटा हलतात. दर्जा अर्धा-पाऊण इंच खोल मोकळ्या करा. भिंतीवर पांढरे क्षार येतील ते कोरड्या ब्रशनं झाडून सुपात गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्यानं धुतलेत तर ते परत विटेत शिरतात. मग भिंत उघडी ठेवा. किती दिवस? जाडीच्या दर इंचाला एक महिना असा ठोकताळा धरतात, म्हणजे दीड फुटी भिंतीला दीड वर्षही लागू शकतं. दोन्ही अंगांनी उघडी असेल तर लवकर सुकते. निदान एक हिवाळा आणि एक उन्हाळा तिला मिळू द्या. घरातल्यांना उघड्या विटा आवडत नाहीत हे खरं, पण घाईनं चढवलेला गिलावा दुसऱ्याच पावसात पडतो.

गिलाव्यासाठी कळीचा चुना आणून स्वतः भिजवणं उत्तम. पिंपात आधी पाणी, मग त्यात चुना थोडा थोडा. उलट केलं तर उकळी अंगावर उडते. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, मुलं दूर. लगदा बारीक जाळीतून गाळून वर पाणी राहील असा किमान तीन आठवडे मुरवा. तीन महिने मुरला तर हाताखाली लोण्यासारखा लागतो. प्रमाण एक भाग लगदा, तीन भाग वाळू. जमिनीलगतच्या तीन फुटांत, जिथे ओल राहणारच, एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची पूड), दोन भाग वाळू घ्या. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. करपलेल्या विटेची पूड नुसती भर होते.

वाळू तपासा. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर मातीचा थर वाळूच्या बाराव्या हिश्शापेक्षा जाड बसला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका.

गिलावा दोन थरांत, प्रत्येक थर 10 ते 12 मिलिमीटर. एकदम जाड दिला की तडकतो. भिंत आधी शिंपून ओलसर करा. पहिला थर नख दाबून खूण पडेनाशी झाली की दुसरा, साधारण पाच ते सात दिवसांनी. मग आठ-दहा दिवस दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपा आणि ओली पोती टांगा. चुना हवेतला वायू शोषून घट्ट होतो. त्याला ओलावा आणि वेळ दोन्ही लागतं. 100 चौरस फुटांच्या 20 मिलिमीटर गिलाव्याला, वाया जाणारं धरून, सुमारे आठ घनफूट वाळू आणि 75 ते 80 लिटर लगदा लागेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बडोद्यातला योग्य काळ. मे महिन्यात गिलावा सुकतो पण घट्ट होत नाही, हातानं पुसला तरी पीठ येतं.

वर चुन्याचे तीन-चार पातळ हात द्या. प्लास्टिक रंग पुन्हा लावलात तर हे सगळं वाया जाईल. घर प्रतिबंधित क्षेत्रात असेल तर परांची (मचाण) बांधण्याआधी या कामाचं पत्रही पुरातत्त्व कार्यालयाला द्या आणि उत्तर लेखी घ्या.

प्रश्न: आई-वडिलांसाठी पहिल्या मजल्यावर न्हाणीघर हवं आहे. खाली लाकडी कडीपाट आहे. गच्चीवर हजार लिटरची टाकीही बसवायची आहे. (शियापुरा)

उत्तर: हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि ते चार पायांवर. ते कड्यांवर ठेवू नका. दोन भारवाही भिंतींवर टेकणाऱ्या लोखंडी गर्डरच्या जोडीवर ठेवा, किंवा टाकी चौकात खाली ठेवून प्रेशर पंप लावा. दुसरा उपाय आम्हाला जास्त पसंत आहे. वजनही टळतं आणि उंचीचा प्रश्नही.

न्हाणीघराबाबत आमचा आग्रह असा: शक्य असेल तर आई-वडिलांची खोलीच खाली आणा. वाडे खचतात ते बहुधा वरच्या मजल्यावरच्या गळक्या न्हाणीमुळे. वरच करायचं असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा टाळा. चार इंचांचा कोबा चौरस मीटरला 180 किलोच्या आसपास भरतो. पाच बाय सातच्या न्हाणीला तो जवळजवळ 600 किलो होतो, आणि फरशा, माणसं, बादल्या वेगळ्याच. त्याऐवजी कड्यांवर हलकी लोखंडी चौकट, त्यावर सिमेंट बोर्ड, त्यावर वॉटरप्रूफिंगचा पडदा भिंतीवर एक फूट चढवून, मग पातळ फरशी. फरशी लावण्याआधी पाणी तुंबवून 48 तास ठेवा आणि खालच्या खोलीत उजेड टाकून कडीपाट बघा. पाइप भिंतीत गाडू नका. चौकाच्या बाजूनं बाहेरून, हात पोचेल असे उतरवा. रस्त्याच्या दर्शनी बाजूला पाइप आणि एसीचे खोके लटकवणं परवानगीतही अडतं.

प्रश्न: तांबेकर वाड्याजवळ जुनं घर विकत घेतोय. काय तपासू? (मांजलपूर)

उत्तर: हद्दीपासूनचं मोजलेलं अंतर आणि 1992 पूर्वीचा पुरावा. वरचा एखादा मजला किंवा मागची खोली नंतरची वाटली तर तिची परवानगी मागा. ती नसेल तर तो भाग बेकायदेशीर आहे असं धरूनच भाव ठरवा. "इसार द्या, परवानगी मी काढून देतो" असं दलाल म्हणाला तर ते साठेखतात लिहून घ्या: परवानगी नाकारली तर इसार परत.

प्रश्न: दर्शनी बाजूच्या कोरीव सागवानावर ऑइल पेंटचे थरावर थर आहेत. काढून लाकूड उघडं करायचं आहे. कॉस्टिकचं पाणी लावून रगडलं तर चालेल? (घडियाळी पोळ)

उत्तर: कॉस्टिकनं रंग जातो, पण सागवानातलं तेलही जातं. लाकूड काळं पडतं, पुढे केसाळ होतं, आणि खाचांत राहिलेला कॉस्टिक नवा रंगही धरू देत नाही. वाळूचा फवारा तर कोरीवकामाच्या कडाच खाऊन टाकतो.

जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. कोरडं घासू नका. हीट गन फार तापवू नका, शिशाची वाफ होते. खाली प्लास्टिक अंथरा, तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क लावा. जेलच्या रूपातला पेंट रिमूव्हर लावून पंधरा-वीस मिनिटांनी बांबूच्या किंवा लाकडी पातीनं, रेषेच्या दिशेनं थर उचला. पानाफुलांच्या खाचांसाठी टूथब्रश आणि बांबूची काडी. आधी एखाद्या घोड्याच्या (सज्जाखालच्या कोरीव टेकणाच्या) मागच्या अंगाला, जिथे दिसणार नाही तिथे, करून बघा. एका फुटाला सुताराचा अर्धा दिवस सहज जातो, तेव्हा ठेका चौरस फुटावर देऊ नका, रोजावर द्या. ठेक्यात घाई होते आणि छिन्नी लाकडात शिरते. नाक किंवा पाकळी तुटली असेल तर तेवढाच तुकडा जुन्या सागवानातून कोरून चिकटवा. सगळा पट्टा नवा करू नका.

लाकूड कोरडं झालं की जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन सम प्रमाणात, पातळ हात. लाकूड पिईल तेवढं पिऊ द्या, वर राहिलेलं अर्ध्या तासात पुसून घ्या, नाहीतर चिकट राहून धूळ धरतं. दोन-तीन दिवसांनी दुसरा हात, त्यात टर्पेंटाइन कमी. पावसाच्या माऱ्यावरच्या भागाला दर वर्षी दिवाळीनंतर एक हात लागेल. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.